चालू किडनी बघायची कशी?

बाळकुमहून बोलतोय. मागे नाक्यावरचे हॉर्न ऐकू येतील, सांभाळून घ्या.

गेल्या महिन्यात बाबांचा क्रिएटिनिनचा रिपोर्ट आला. नॉर्मल. घरात सगळे निवांत. पण बाबा गुडघ्यासाठी मनानेच पेनकिलर घेतात, म्हणून मी वाचत बसलो. कळलं काय, तर किडनीचं काम जवळपास निम्म्यावर येईपर्यंत हा आकडा नॉर्मल दिसू शकतो. म्हणजे अर्धा सर्व्हर बसलाय आणि डॅशबोर्डवर हिरवा दिवा!

मग आत बघायचं कसं? बायोप्सीत तुकडा काढतात, पण त्यात रक्त वाहताना दिसत नाही. म्हणून संशोधक भूल दिलेल्या उंदराच्या जिवंत किडनीवरच मायक्रोस्कोप लावतात. १९९० मध्ये आलेलं टू-फोटॉन तंत्र इन्फ्रारेड लेझर वापरतं. तो पेशींना कमी इजा करत आत जातो, तरी मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकाच. म्हणून म्युनिक-विस्टार जातीचे उंदीर घेतात. त्यांच्या किडनीतल्या काही गाळण्या अगदी पृष्ठभागालगत असतात.

रक्तात चमकणारा रंग सोडतात. तांबड्या पेशींत तो शिरत नाही, त्यामुळे त्या काळ्या ठिपक्यांसारख्या पळताना दिसतात. किडनीला इजा झाली की ठिपके मंदावतात, कुठे कुठे थांबतात. क्रिएटिनिन वाढेपर्यंत वाट बघावी लागत नाही.

माणसावर हे असं करता येत नाही. पण एवढं करता येतं: डॉक्टरांना ईजीएफआर आणि लघवीतल्या अल्ब्युमिनबद्दल विचारा. बाबांची गोळ्यांची डबी सध्या माझ्या बॅगेत आहे. भेटू पुढच्या भागात!