आधी कोणाचा ट्रक?

वाडीच्या माणसाला रांग समजावून सांगावी लागत नाही. नागपूरच्या अमरावती रोडवरचं हे गाव गोदामांचं आणि ट्रान्सपोर्टवाल्यांचं. 2013 च्या एप्रिलमध्ये नागपूरची जकात गेली, 2017 मध्ये जीएसटी आला आणि नाक्यावरचं थांबणं संपलं. गोदामाच्या दारातलं मात्र संपलं नाही. हायवे कितीही रुंद होवो, माल उतरवायचं दार तेवढंच राहतं.

डेटा सेंटरमधल्या नेटवर्क स्विचचं दुखणं नेमकं हेच.

समजा, दोन सर्व्हर प्रत्येकी 100 गिगाबिट वेगाने एकाच तिसऱ्या सर्व्हरकडे माहिती पाठवताहेत आणि त्याच्याकडे जाणारा पोर्टही 100 गिगाबिटचाच आहे. जादा माल स्विचच्या बफरमध्ये थांबतो. हा बफर 16 मेगाबाइटचा धरला, म्हणजे मोबाइलमधली तीन-चार गाणी मावतील एवढा, तर तो सव्वा मिलिसेकंदात गच्च भरतो. पुढचं पॅकेट स्विच सरळ टाकून देतो. डोळ्याची पापणी लवायलाही याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. म्हणून कोणी आधी जायचं हे माणसाला ऐनवेळी ठरवता येत नाही, ते आधीच लिहून ठेवावं लागतं.

लिहायचं कुठे? पॅकेटच्या कपाळावर. इथरनेट फ्रेमच्या व्हीलॅन टॅगमध्ये त्यासाठी तीन बिट आहेत, म्हणजे आठ दर्जे. आयपी हेडरमध्ये सहा बिट, म्हणजे चौसष्ट. ही दुसरी रचना 1998 ची. फोनवरच्या आवाजाला तिच्यात 46 हा आकडा देण्याची रीत आहे. पण चिठ्ठी चिकटवणार कोण? ते काम सर्व्हरवर सोपवलं की प्रत्येक खोक्यावर ‘अर्जंट’ लिहिलेलं सापडतं, हे कोणताही बुकिंग क्लार्क सांगेल. म्हणून कोणत्या पोर्टवरून आलेल्या चिठ्ठीवर विश्वास ठेवायचा आणि कुठली पुसून नवी लावायची, हे स्विचला आधी सांगतात. बाकीची सगळी मांडणी यावर उभी असते आणि घाईत नेमकं हेच राहून जातं.

मग वाटप. वरच्या दर्जाची रांग रिकामी झाल्याशिवाय खालच्याला हात लावायचा नाही, ही कडक पद्धत. आवाजासारख्या थोड्या मालाला ती शोभते. मोठ्या मालाला लावली, तर रात्रीचा बॅकअप सकाळपर्यंत दारातच उभा. म्हणून बाकीच्यांना वजनं देतात: स्टोरेजला 50 टक्के, रोजच्या कामाला 30, बॅकअपला 20. याचं 802.1क्यूएझेड हे मानक 2011 मध्ये आलं. इथे बरेच जण गफलत करतात. 20 टक्के ही मर्यादा नसून हमी आहे. बाकी रांगा रिकाम्या असल्या, तर बॅकअपने सगळा रस्ता वापरावा.

स्टोरेजची तऱ्हा निराळी. त्याला उशीर चालतो, गहाळ होणं चालत नाही. त्यासाठी त्याच सुमारास ‘या दर्जाचा माल जरा थांबवा’ असा निरोप मागे धाडायची सोय आली, पीएफसी. सोय चांगली, पण निरोप मागेमागे पसरत जातो. एखादं बिघडलेलं नेटवर्क कार्ड अखंड ‘थांबा’ म्हणत राहिलं, तर त्याच्याशी देणंघेणं नसलेले सर्व्हरही अडकतात. मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्यांनी 2016 मध्ये आपल्याकडचा हा अनुभव छापून मांडला.

याच्या उलटी चाल पुण्यात बघायला मिळते. सी-डॅकचा परम सिद्धी-एआय हा महासंगणक नोव्हेंबर 2020 च्या टॉप500 यादीत 63 वा होता. त्याचं नेटवर्क इन्फिनिबँडचं. तिथे पलीकडे जागा असल्याचा निरोप आल्याशिवाय पॅकेट निघतच नाही; गोदामात फोन करून दार मोकळं असल्याची खात्री झाली, की मगच ट्रक हलवायचा. ‘परम’ मालिकेचे जनक विजय भटकर मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंब्याचे, नागपुरात इंजिनिअर झालेले. वाडीतून जाणारा रस्ताच पुढे मूर्तिजापूरला जातो.

कुठल्याच स्विचवर न लिहिलेला अग्रक्रमही असतो. मुंबईच्या नॅशनल स्टॉक एक्सचेंजने 2010 च्या सुमारास दलालांचे सर्व्हर आपल्याच आवारात ठेवायची सोय दिली. भावांची माहिती टीसीपीने, एकामागून एक जोडणीला जायची. सकाळी जो आधी जोडला गेला, त्याला आधी. फरक अगदी बारीक, पण यंत्रांच्या व्यवहारात तेवढा पुरतो. बाजार नियामक सेबीने एप्रिल 2019 च्या आदेशात याच रचनेवर बोट ठेवलं. तोवर एक्सचेंज मल्टिकास्टवर गेलं होतं: पाठवणारा एकच प्रवाह सोडतो आणि त्याच्या प्रती काढून पोर्टापोर्टावर देण्याचं काम स्विच करतो.