‘जरा पाणी देता का?’ – अरबीत

(आखाती देशांत घरकामाला जाणाऱ्या बायकांबरोबर काम करणाऱ्या गटांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन.)



मी भाषेची पंडित नाही. कुवेतला एका म्हाताऱ्या बाईंची शुश्रूषा करायला सहा वर्षं होते, तिथे कानावर पडून जे शिकले ते आता निघणाऱ्या बायकांना शिकवते. आज फक्त एवढंच बोलणार आहे, की नवख्या बाईने अरबीत काही मागायचं कसं. विषय छोटा वाटेल. पण परक्या घरात, जिथे दाराची किल्लीसुद्धा आपल्याकडे नसते, तिथे पाणी, औषध, झोप आणि पगार हे सगळं मागूनच मिळतं.

एजंट लोक जाणाऱ्या बायकांच्या हातात एक कागद देतात. असे पाच-सहा कागद मी जमवलेत. त्यांत काय असतं? ‘जीबी’ म्हणजे आण, ‘यल्ला’ म्हणजे चल, लवकर कर, ‘नझ्झफी’ म्हणजे साफ कर. सगळे हुकूम, बाईने ऐकायचे. तिने उलट बोलायचं असं एकही वाक्य त्यात नसतं. कागद कुणाच्या सोयीने छापलाय ते वेगळं सांगायला नको.

तर पहिला शब्द, ‘मुमकिन’. अर्थ ‘शक्य आहे का’. हिंदी गाण्यांमुळे तो आपल्या कानाला ओळखीचा आहे. पुढे क्रियापद जोडलं की विनंती तयार. ‘मुमकिन अश्रब माय?’ – पाणी पिऊ का? ‘मुमकिन अनाम?’ – झोपू का? ‘मुमकिन अकल्लिम बिन्ती?’ – माझ्या मुलीशी बोलू का? आपण मराठीत ‘कृपया’ कधी म्हणतो? फक्त पाटीवर. घरात आपण म्हणतो, ‘जरा पाणी देता का?’ सगळा नम्रपणा त्या ‘जरा’त आणि ‘का’त. म्हणून इंग्रजी ‘प्लीज’ला अरबी शब्द कोणता, हे शोधत बसू नका. ‘मुमकिन’ म्हणा आणि आवाज शेवटी वर न्या.

दुसरा शब्द, ‘लौ समहती’. शब्दशः ‘तू परवानगी दिलीस तर’. हा बाईला म्हणायचा. पुरुषाला म्हणताना शेवटचा ‘ई’ गळतो, ‘लौ समहत’. तसंच ‘मिन फद्लिक’ बाईला आणि ‘मिन फद्लक’ पुरुषाला, म्हणजे ‘तुमच्या कृपेने’. समोर बाई की पुरुष हे क्रियापदात दाखवायचं आपल्याला नवं नाही. आपणही ‘आलास’ आणि ‘आलीस’ म्हणतोच. आणि ‘दमलो’-‘दमले’सारखं तिथे पुरुष ‘ताबान’, बाई ‘ताबाना’. ‘अना ताबाना’, मी दमलेय. हे वाक्य पहिल्याच दिवशी पाठ करून घ्या.

‘मला हवंय’ यासाठी कुवेतकडे ‘अबी’ म्हणतात, सौदीत बऱ्याच ठिकाणी ‘अबघा’. पुस्तकात ‘उरीद’ असतं, तेही समजतं. नुसतं ‘अबी’ जरा रोखठोक वाटतं, त्यामुळे शेवटी ‘लौ समहती’ लावायचं. ‘अबी दवा, लौ समहती’, मला औषध हवंय.

आता एक गंमत. मालक लोक आणि आशियाई कामगार यांच्यात एक मोडकी-तोडकी अरबी चालते. त्यात ‘माफी’ हा शब्द सतत येतो. आपल्याला वाटतं कुणीतरी माफी मागतंय. प्रत्यक्षात ‘मा फी’ म्हणजे ‘नाही’. ‘माफी मुश्किल’, काही अडचण नाही. ‘माफी फुलूस’, पैसे नाहीत! पगाराच्या दिवशी हे ऐकलं तर ‘असू दे, असू दे’ म्हणून हसू नका.

पण आपल्या ओळखीचे, खरेच कामाचे शब्दही पुष्कळ आहेत. आपल्या कचेरीची निम्मी भाषा अरबीतून आलेली. हिशेब, तारीख, वकील, मालक. गरीब हाही तिकडचाच, फक्त तिकडे ‘घरीब’ म्हणजे परका. आणि हक्क. कुवेतच्या बोलीत ‘हग्गी’ म्हणजे ‘माझं’. आपण मोर्चात ज्या शब्दाने घसा कोरडा करतो, तो तिथली लहान मुलं खेळण्यावरून भांडताना वापरतात. मला हे फार आवडलं होतं.

आता अवघड भागाकडे येते. विनंती केली की उत्तर बहुधा ‘इन्शाल्ला’ येतं. ते मनापासूनचं ‘हो’ असू शकतं, ‘बघू’ असू शकतं, आणि तोंडावर ‘नाही’ म्हणायचं टाळण्याची रीतही असू शकते. ‘इन्शाल्ला, बुक्रा’, देवाच्या मर्जीने, उद्या. असे उद्या महिनोन्‌महिने चालतात. म्हणून मी प्रत्येक बाईला विनंतीबरोबर तिचा पुढचा प्रश्नही शिकवते. ‘बुक्रा, अय साआ?’ – उद्या, किती वाजता? ‘अय योम?’ – कोणत्या दिवशी? आवाज तसाच मऊ ठेवायचा, पण वार विचारायचा आणि वहीत लिहायचा. त्यांच्यासमोर लिहिला तर आणखी बरं.

दोन मागण्या वेगळ्या काढून ठेवते. ‘रातबी’, माझा पगार. आणि ‘जवाझी’, माझा पासपोर्ट. कुवेतचा 2015 चा 68 क्रमांकाचा घरकामगारांचा कायदा आठवड्याची सुट्टी देतो, दिवसाला जास्तीत जास्त बारा तास काम म्हणतो आणि कामगाराच्या संमतीवाचून पासपोर्ट ठेवून घ्यायला मनाई करतो. कतारने 2017 च्या कायद्यात दहा तासांची मर्यादा घातली. कायदा आहे म्हणून तो स्वयंपाकघरात पोचतो असं नाही, हे आपल्याला इथलं पाहूनही कळतं. शिवाय ‘संमती’ हा शब्द बघा. न वाचता येणाऱ्या कागदावर गोड बोलून अंगठा घेतला की झाली संमती. तेव्हा ‘तफद्दली’ म्हणत कुणी ताट पुढे केलं तर आनंदाने घ्या, त्याचा अर्थच ‘घ्या, या, बसा’. कागद आणि पेन पुढे केलं तर म्हणा, ‘ला, शुक्रन’. नको, धन्यवाद. हेही सभ्यच बोलणं आहे.

काही कार्यकर्त्या मला विचारतात, बायकांना आर्जवं कशाला शिकवता, भांडायला शिकवा. मला वाटतं, भांडण त्याच शब्दांनी सुरू होतं. तीनदा सभ्यपणे, तारीखवार मागितलेला पगार वकिलासमोर सांगता येतो. आणि एकटी बाई बंद दाराआड असताना कोणत्या सुरात बोलायचं, हे आपण मुंबईत बसून ठरवू नये.

शेवटचं वाक्य टॅक्सीवाल्यासाठी. तो पुरुष, म्हणून ‘ई’ नाही. ‘लौ समहत, अस्सफारा अल्‌हिंदीया.’ भारताची वकिलात. विचारलंच तर ‘अना हिंदीया’, मी भारतीय बाई.

आता दोघी-दोघी समोरासमोर बसा. एकीने मॅडम व्हायचं आणि प्रत्येक वेळी फक्त ‘इन्शाल्ला’ म्हणायचं. दुसरीने पगाराचा दिवस काढून घ्यायचा.