उघडा अस्थिभंग आणि औषधांचा अपव्यय



१२ ऑगस्ट १८६५ रोजी ग्लासगोच्या रॉयल इन्फर्मरीत अकरा वर्षांच्या एका मुलाला आणण्यात आले. गाडीचे चाक पायावरून गेल्याने त्याच्या नडगीचे हाड मोडले होते आणि मोडीच्या जागी कातडी फाटली होती. या फाटलेल्या कातडीचे आज आपणांस फारसे भय वाटत नाही. परंतु त्या काळी झाकला अस्थिभंग आणि उघडा अस्थिभंग यांत जीवनमरणाचे अंतर होते, कारण उघड्या जखमेत पू व्हावा, ज्वर अंगात भिनावा आणि अखेरीस पाय तरी कापावा लागावा किंवा प्राण तरी जावा, हा रुग्णालयांचा जणू शिरस्ताच होऊन बसला होता. सडण्याच्या क्रियेविषयी पाश्चरने केलेले संशोधन तेथील शल्यचिकित्सक जोसेफ लिस्टर याने वाचले होते, आणि कार्लाइल शहरातील मैलापाण्याची दुर्गंधी कार्बोलिक ॲसिडाने हटते हेही त्याच्या कानी आले होते; या दोहोंची सांगड घालून त्याने कार्बोलिकमध्ये भिजवलेली पट्टी त्या जखमेवर बांधली. चार दिवसांनी ती सोडली तेव्हा पुवाचा मागमूस नव्हता, आणि सुमारे सहा आठवड्यांत हाड सांधले.

त्या मुलाच्या पोटात जंतुनाशक गोळी गेली नव्हती, कारण तशी गोळीच जगात नव्हती. जखमेची शुद्धी हा पहिला इलाज आणि औषध हा त्याचा साहाय्यक, हा क्रम पुढे पेनिसिलिनच्या तेजाने डोळे दिपल्यामुळे पुष्कळांच्या विस्मरणात गेला, असे माझे स्पष्ट मत आहे.

हाडाची गोष्टच निराळी आहे. औषध रक्तावाटे जाते. परंतु मोडीत सुटा झालेला तुकडा रक्तपुरवठ्याला मुकला की तो मृत होतो, आणि त्याच्या आश्रयाने राहिलेल्या जिवाणूंपर्यंत औषध पोहोचतच नाही. हाड बसवण्यासाठी घातलेली पोलादी पट्टी हाही असाच आश्रय होय. तिच्यावर जिवाणू चिकट थराचा कोट रचतात आणि त्याच्या आड आपली वाढ इतकी मंद करतात, की वाढत्या जिवाणूंवरच प्रभावी ठरणारे औषध तेथे निष्प्रभ होते. १९५७ मध्ये एलेक आणि कोनेन यांनी दाखवून दिले, की माणसाच्या कातडीत पू होण्यास जेथे लक्षावधी स्टॅफिलोकोकस जंतू लागतात, तेथे रेशमी टाक्याचा एक धागा असला तर शेकड्यांच्या घरातील जंतूही पुरतात. म्हणूनच वर्षानुवर्षे वाहणारे नासूर केवळ गोळ्यांनी आटत नाही. मृत हाड काढून टाकावेच लागते.

याचा अर्थ औषध व्यर्थ आहे असा कोणी करू नये. १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पॅट्झाकिस यांच्या अभ्यासात उघड्या अस्थिभंगाच्या ज्या रुग्णांना औषध दिले नव्हते त्यांच्यात शेकडा सुमारे १४ जणांना संसर्ग झाला, आणि सेफॅलोथिन हे औषध दिलेल्यांत तो शेकडा २ च्या आसपास उतरला. इतके मोलाचे साधन आपण कसे वापरतो, हाच खरा प्रश्न आहे.

लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात मेरी बार्बर यांनी पाहिले, की पेनिसिलिनला दाद न देणारे स्टॅफिलोकोकस १९४६ मध्ये शेकडा १४ होते, ते १९४८ मध्ये ५९ झाले. औषधाने दुबळे जंतू मारले आणि मोकळी झालेली जागा दांडग्या जंतूंनी काबीज केली. त्यांचा बंदोबस्त व्हावा म्हणून मेथिसिलिन हे नवे औषध आले. त्यालाही न जुमानणारे जंतू १९६१ मध्ये इंग्लंडातच नोंदले गेले. इकडे आपल्या पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ साली उभा राहिला, तो पेनिसिलिन आपल्याच देशात तयार होऊन सामान्यांपर्यंत पोहोचावे म्हणून. त्याची आठवण झाली की सर्दी-पडशासाठी आपण फस्त करीत असलेल्या गोळ्यांचे मला मनापासून दुःख होते, कारण आपल्या अंगी पोसलेला तो निर्ढावलेला जंतू उद्या अपघात-विभागात कोणाच्या तरी मोडक्या नडगीत शिरणार असतो.

तेव्हा माझी विनंती एवढीच: दुकानातून परस्पर गोळ्या घेऊ नका, आणि घरातील कोणाचे हाड मोडून जखम झाली, तर ती तत्काळ व नीट धुतली गेली का, आणि पुढे पू झालाच तर औषध बदलण्यापूर्वी तो तपासणीस पाठवला का, हे दोन प्रश्न डॉक्टरांना अवश्य विचारा.