पाण्याचे भांडे आणि पिण्याची सवय

उन्हाळा तोंडावर आला की धाराशिव जिल्ह्यात टँकरची वाट पाहणारी गावे आढळतात. आलेले पाणी दोन-तीन दिवस पुरवावे लागते. ते मुळात शुद्ध असले, तरी रांजणात तांब्या बुडविणारा प्रत्येक हात त्यात आपली भर घालतो. म्हणून प्रश्न पाण्याचा आहे, तसाच भांड्याचाही आहे.

उपदेश कानावरून जातो. वस्तू मात्र रोज हातात येते. नारूचे उदाहरण घ्यावे. रुग्ण पायऱ्यांच्या विहिरीत उतरे, त्याच्या जखमेतून अळ्या पाण्यात जात, सायक्लॉप्स या सूक्ष्म जीवात वाढत आणि ते पाणी पिणाऱ्याच्या पायातून सुमारे वर्षभराने दोन-तीन फूट लांबीचा जंत बाहेर पडे. त्यावर ना लस होती, ना खात्रीचे औषध. १९८३-८४ मध्ये राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, तेव्हा महाराष्ट्र बाधित राज्यांत होता. पायऱ्या बुजवून कठडा व रहाट बसविण्यात आला. घागरीच्या तोंडावर दाट विणीचे फडके आले. देशातील शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात आढळला आणि २००० साली भारत नारूमुक्त घोषित झाला. कठडा असला की पाय पाण्यात जातच नाही. निराळे समजवावे लागत नाही.

घरातही हेच तत्त्व लागू पडते. रांजणाला झाकण व तोटी असावी. तोटीचे भोक कुंभाराकडून भाजण्यापूर्वीच पाडून घ्यावे, नंतर पाडल्यास मडके तडकण्याची भीती असते. तोटी तळापासून चार बोटे वर असली की गाळ खाली राहतो. तोटी परवडत नसेल, तर लांब दांड्याचे ओगराळे घ्यावे आणि त्यासाठी भिंतीला खिळा ठोकावा; खिळा नसला की ओगराळे जमिनीवर येते. फडके नारू अडवी, जुलाबाचे जंतू नव्हे. त्यासाठी क्लोरीन हवेच.

किती प्यावे, हेही भांडे सुचवू शकते. शेतावर नेलेल्या बाटलीवर रंगाच्या दोन रेघा ओढल्या, एक न्याहारीची व एक दुपारची, तर पाणी प्यायचे राहिले हे नजरेला दिसते. मात्र आडोसा नाही म्हणून दिवसभर तहान मारणाऱ्या मजूर स्त्रियांपुढे ही रेघ निरुपयोगी आहे. तेथे आधी बांधावर चार बांबू व गोणपाटाचा आडोसा उभारावा लागेल. बाटलीचा विचार त्यानंतरचा.