काचेखाली दिसेल तेच काढा

मागे उभं राहून शिट्ट्या मारणाऱ्या मित्रांनो,

'सेप्सिस आणि प्रतिकारशक्ती' यावर चार शब्द बोला, असं सरांनी निमंत्रणात लिहिलं होतं. पण मघाशी जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत डोकावलो, फॉर्मॅलिनचा तोच वास आला आणि भाषण खिशातच राहिलं. खिडकीजवळचं टेबल अजून डुगडुगतंय! त्याच टेबलावर बाई रक्ताची काच लावायच्या. कुणी पुस्तकात बघून सुबक आकृती काढली, की वही परत. "काचेखाली दिसेल तेच काढा." गंगापूर रोडने सायकली दामटत घरी जाताना आम्ही त्यांच्या नावाने बोटं मोडायचो. आज आयसीयूत मी दुसरं काय करतो?

त्या काचेवरची गोल, गडद केंद्रकाची पेशी आठवते? लिम्फोसाइट. एकदा भेटलेला जंतू ती ओळखून ठेवते. सेप्सिसमध्ये जंतूंशी लढताना शरीराचा तोल सुटतो, अवयव निकामी होऊ लागतात आणि त्या धुमश्चक्रीत याच पेशी मोठ्या संख्येने मरतात. उरतात त्या थकलेल्या. पेशंट उठून बसतो, नातेवाईक पेढे आणतात, आणि दुसराच जंतू गाठतो. कधी अंगात वर्षानुवर्षं दबून बसलेला हर्पीसच्या कुळातला विषाणू डोकं वर काढतो. असो, शास्त्र एवढं पुरे.

नुसतं नीट बघण्याने जीव कसा वाचतो, ते सांगतो. गडचिरोलीत 'सर्च' संस्थेच्या डॉ. अभय आणि राणी बंग यांनी ३९ गावांतल्या, पाचवी ते दहावी शिकलेल्या बायकांना काय शिकवलं? बाळाकडे बघायला. दूध ओढेनासं झालंय, रडणं क्षीण झालंय, अंग लुळं पडलंय. सेप्सिसचा संशय आला, की आईवडिलांच्या संमतीने घरीच जेंटामायसिनचं इंजेक्शन. नवजात बालकांचा मृत्युदर ६२ टक्क्यांनी उतरला. १९९९मध्ये 'लॅन्सेट'ने ते छापलं.

म्हणून मुलांनो, माझा एकच हट्ट. घरातल्या माणसांकडे रोज नीट बघा. मोबाइल बाजूला ठेवून, समोर बसून. ताप आलेली आजी असंबद्ध बोलतेय, तिला धाप लागतेय, लघवी कमी झालीय, तर 'वय झालं' म्हणून सोडू नका. लगेच दवाखाना गाठा. आजोबांना मधुमेह असेल, तर रात्री बॅटरी घेऊन त्यांच्या तळपायांना जखम नाही ना, ते बघा. लाजताय काय?

पहिल्या रांगेतले काका, तुमच्या अंगठ्याची मळकी पट्टी मी मघापासून बघतोय. कार्यक्रम संपल्यावर भेटा, पळायचं नाही. आणि सर, तुम्ही तिसऱ्यांदा घड्याळ बघितलंत, तेही दिसलं. विंगेत नऊवारीतल्या मुली ताटकळल्यात. थांबतो.