गप्पांचे शैक्षणिक मोल
(प्राथमिक शिक्षकांपुढील व्याख्यान)



शाळेत सर्वांत अधिक वेळा कोणती आज्ञा ऐकू येते, असा प्रश्न केला तर "गप्प बसा" हेच उत्तर बहुधा मिळेल. घंटा होण्यापूर्वी शाळेच्या आवारात मुलांच्या गप्पा रंगलेल्या असतात. कोणाची म्हैस व्यालेली असते, कोणाच्या विहिरीचे पाणी आटलेले असते, कोणाचा मामा यात्रेसाठी आलेला असतो. घंटा होते, मुले वर्गात येतात, आणि क्षणापूर्वी भरभरून बोलणारे मूल मुके होते. पुढे कित्येकदा त्याच मुलाच्या नावापुढे "मंद", "बुजरा", "भाषा कच्ची" असे शेरे पडतात. घंटेपूर्वी जी भाषा पक्की होती ती घंटेनंतर कच्ची कशी झाली, हा आजच्या विवेचनाचा विषय होय.

गप्पा म्हणजे वेळेचा अपव्यय, अशी समजूत रूढ आहे. पारावर, घराच्या ओट्यावर, पाणवठ्यावर किंवा पिठाच्या गिरणीपाशी जे बोलणे चालते त्यातून वरवर पाहता काहीच निष्पन्न होत नाही. "काय अण्णा, शेताकडं निघालात वाटतं?" असे विचारणाऱ्यास अण्णांच्या खांद्यावरील औत दिसतच असते. मग तो विचारतो कशासाठी? ब्रॉनिस्लाव्ह मॅलिनोव्स्की या मानवशास्त्रज्ञांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात न्यू गिनीजवळील ट्रोब्रिआंड बेटांवर राहून तेथील लोकजीवनाचा अभ्यास केला. १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात त्यांनी या प्रश्नाचे उत्तर दिले. अशा बोलण्याचे प्रयोजन माहिती मिळविणे हे नसून माणसामाणसांतील स्नेहबंध राखणे हे असते. रॉबिन डनबार व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली इंग्लंडमधील एक पाहणी प्रसिद्ध केली. सहज चाललेल्या संभाषणांतील सुमारे दोन-तृतीयांश वेळ माणसांविषयी व त्यांच्या परस्परसंबंधांविषयी बोलण्यात जातो, असे तीत आढळून आले. तात्पर्य, गप्पा हा समाजाचा रिकामा उद्योग नव्हे. समाज ज्याने एकत्र बांधला जातो तो तो धागा आहे.

शिवाय गप्पांना त्यांची स्वतःची शिस्त असते. तेथे सभापती नसतो. तरीही एक थांबतो व दुसरा बोलू लागतो. बाजारातून बैल खरेदी करून आलेला मनुष्य ती हकीकत सांगतो, तेव्हा जे ऐकणाऱ्यांनी पाहिलेले नाही ते त्यांना दिसावे अशा बेताने तो तपशील निवडतो, क्रम लावतो, मध्येच आलेल्या शंकेचे निरसन करतो. निबंधलेखनात शिक्षक ज्या गुणांची अपेक्षा करतात, ते सारे गुण येथे तोंडी रूपात हजर असतात. मूलही हेच करते. म्हशीच्या चिकाचा खरवस कसा झाला व तो कोणी किती खाल्ला, हे मित्राला सांगताना ते नकळत रचनेचा पाठ गिरवीत असते.

आता वर्गातील संभाषण पाहावे. जॉन सिंक्लेअर व माल्कम कुल्थर्ड या अभ्यासकांनी १९७५ साली त्याचा तीन पायऱ्यांचा साचा दाखवून दिला: शिक्षक विचारतो, विद्यार्थी उत्तर देतो, शिक्षक त्या उत्तराची पारख करतो. या साच्यातील विशेष असा की, विचारणाऱ्यास उत्तर आधीच ठाऊक असते. पारावर एखाद्याने "आज वार कोणता?" असे विचारून, उत्तर मिळताच "शाबास, बरोबर!" असे म्हटले तर मंडळी त्याच्याकडे पाहतच राहतील. वर्गात मात्र ही रीत नित्याची आहे. उजळणीसाठी ती आवश्यकही आहे. परंतु बोलण्याची तीच एकमेव रीत उरली, म्हणजे मुलाला प्रत्येक वाक्य ही परीक्षा वाटू लागते आणि परीक्षेत चुकण्यापेक्षा गप्प राहणे ते पसंत करते.

याची साक्ष देणारी दोन संशोधने विचारात घेण्यासारखी आहेत. बार्बरा टिझार्ड व मार्टिन ह्यूज यांनी लंडनमधील सुमारे चार वर्षे वयाच्या ३० मुलींचे घरातील व बालशाळेतील बोलणे नोंदवून त्याचा अभ्यास केला व १९८४ साली तो ग्रंथरूपाने मांडला. घरी आईला तासाला सरासरी २६ प्रश्न विचारणाऱ्या या मुली बालशाळेत शिक्षिकेला तासाला अवघे २ प्रश्न विचारीत. श्रमिकांच्या घरांतही आई व मुलगी यांचे बोलणे अर्थपूर्ण असल्याचे त्यांना दिसले. "घरी कोणी बोलत नाही, म्हणून मूल बोलत नाही" हा समज किती तपासून पाहावा लागतो, हे यावरून ध्यानी यावे. दुसरे संशोधन अमेरिकेतील शर्ली ब्राइस हीथ यांचे. कॅरोलिना भागातील कष्टकरी वस्त्यांत दीर्घकाळ वावरून त्यांनी १९८३ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. तेथील एका कृष्णवर्णीय वस्तीत, उत्तर ठाऊक असलेले प्रश्न मुलांना विचारण्याची चाल नव्हती. त्यामुळे शाळेतील असे प्रश्न त्या मुलांना अपरिचित वाटत. शिक्षकांनी वस्तीतील बोलण्याची रीत समजून घेऊन प्रश्नांची पद्धत बदलली, तेव्हा हीच मुले बोलू लागली.

महाराष्ट्राला हा विचार नवखा नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ या त्यांच्या सहकारी. पुढे हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये वाढले. मुले शाळेपर्यंत येत नाहीत असे दिसताच त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. जेथे मुलांचे खेळणे व बोलणे चालते तेथूनच शिक्षणाचा आरंभ करावयाचा, हे त्यामागील तत्त्व आजही प्रत्येक गावच्या शाळेस लागू आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने घरच्या भाषेला दिलेले महत्त्व आणि २०२१ साली सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात मौखिक भाषाविकासाला मिळालेले स्थान ही याच तत्त्वाची पुढील पावले होत.

प्रत्यक्षात काय करावे? परिपाठानंतरची दहा मिनिटे गप्पांसाठी राखून ठेवावीत. मुलांनी गोल करून बसावे व शिक्षकानेही खुर्ची सोडून त्या गोलात बसावे. या वेळात शिक्षकाने आपणास खरोखर ठाऊक नसलेलेच प्रश्न विचारावेत. "गाईला पाय किती?" हा प्रश्न येथे नको, "तुमची गाय हरवली तेव्हा ती कशी सापडली?" हा हवा. प्रश्न विचारल्यावर थांबावे. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेस १९७० च्या दशकात असे आढळले की, शिक्षक उत्तरासाठी सरासरी एक सेकंदही क्वचितच थांबतात. हा अवकाश तीन सेकंदांपर्यंत वाढविला की मुलांची उत्तरे लांब व अधिक विचारपूर्वक येतात. तीन सेकंदांच्या या भांडवलास अनुदान लागत नाही.

मुलाची बोली गप्पांच्या वेळी सुधारीत बसू नये. "बाई, आमची म्हस याली," असे मूल सांगते, तेव्हा "म्हस नव्हे, म्हैस म्हण" असे उत्तर आले की गप्पा तेथेच संपतात. "म्हैस व्याली होय! कधी व्याली? रेडी झाली की रेडा?" असे उत्तर आले म्हणजे मुलाच्या कानावर प्रमाण रूप पडते, त्याच्या बोलीचा मान राहतो आणि बोलणे पुढे चालते. ज्या मुलांच्या घरी गोंडी, कोरकू, भिली किंवा अन्य भाषा बोलली जाते, त्यांना आरंभी त्या भाषेतच बोलू द्यावे. ती जाणणाऱ्या मोठ्या मुलाने दुभाष्याचे काम करावे. शेवटी मुलांनी सांगितलेल्यांपैकी एक वाक्य फळ्यावर लिहावे व सर्वांनी ते वाचावे. आपण उच्चारलेले वाक्य अक्षरांत उतरलेले पाहिले, म्हणजे लिपी ही परकी वस्तू नाही हे मुलास उमगते.

यात काही पथ्ये पाळावी लागतात. गप्पांना गुण देऊ नयेत. गुण आले की गप्पांची परीक्षा होते. घरातील भांडण, कर्ज किंवा व्यसन यांविषयी मूल काही बोलून गेल्यास त्याची चर्चा वर्गात वा गावात होऊ देऊ नये. मूल संकटात आहे असे दिसल्यास मात्र त्याच्याशी एकांतात बोलून योग्य ते साहाय्य मिळवून द्यावे. धीट मुलांनी सारा वेळ व्यापू नये आणि मुली मागे राहू नयेत, इकडे लक्ष असावे. जे मूल नुसते ऐकते त्यास बोलण्याची सक्ती करू नये. ऐकणे हाही सहभागच आहे.

दोन शिक्षक व अनेक इयत्ता असलेल्या शाळेत यासाठी वेळ कोठून आणावा, अशी शंका रास्त आहे. तेथे मोठ्या मुलांचे चार-चार जणांचे गट करावेत व शिक्षकाने रोज एका गटात बसावे. गप्पांनी सारे शिक्षण होईल असे कोणी म्हणणार नाही. पाढे पाठच करावे लागतात व अक्षर गिरवावेच लागते. परंतु जे मूल शिक्षकाशी मोकळेपणाने बोलते, तेच "मला हे समजले नाही" असे सांगण्याचे धैर्य करते. न समजलेले जेथे बोलून दाखविता येत नाही, तेथे ते वर्षानुवर्षे साचत जाते आणि एके दिवशी त्या मुलाचे नाव पटावरून कमी होते.

तेव्हा "मंद" असा शेरा लिहिण्यापूर्वी प्रत्येक शिक्षकाने त्या मुलाशी एकदा तरी मनमोकळ्या गप्पा केल्या आहेत काय, एवढे पाहावे. कित्येक शेरे त्यानंतर लिहावेच लागणार नाहीत.