चिठ्ठी



टाळ्या नंतर. आधी डोलवी कुठं ते सांगतो, कारण तुम्ही वरळी-नायगावची पोरं कोकण म्हटलं की आंबा-फणसच बघता. पेण तालुक्यात, वडखळजवळ, धरमतर खाडीच्या अंगाला डोलवी. नव्वदच्या दशकात तिथं मित्तलांची इस्पात आली. 2010 च्या डिसेंबरात ती जिंदालांकडे गेली. पोलादाची क्षमता पुढं वर्षाला 50 लाख टनांवरून 1 कोटीवर चढली.

या सगळ्या औद्योगिक पट्ट्यात बेकार पोराच्या हाती काय पडतं? चिठ्ठी. आमदाराची, सरपंचाची, तालुकाध्यक्षाची. गाड्यांचा ठेका, माणसं पुरवायचा ठेका, भंगाराचा ठेका. कार्यकर्ता ठेकेदार होतो आणि ठेकेदार उमेदवार. झेंडा बदलतो, ट्रक त्याचाच.

याच जिल्ह्यात, शेजारच्या अलिबाग तालुक्यात, चरीच्या कुळांनी 1933 पासून 1939 पर्यंत संप केला. उपाशी राहिले, पण खोताची जमीन कसली नाही. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी. बाबासाहेबांनी 1937 ला विधिमंडळात खोतीविरुद्ध बिल आणलं. शेकापवाल्या पोरांनाही हे सांगा, विसरलीत ती. पुढं कूळकायदा आला. ज्याचं नाव कुळात लागलं तो मालक झाला. त्याच्या बांधावर राबणारा मजूरच राहिला.

म्हणून कारखान्याला जमीन जाते तेव्हा मोबदला सातबारा बघून मिळतो. बौद्धवाडीतल्या, कातकरीवाडीतल्या माणसाची मजुरी जाते, तिचा पंचनामा कोण करतो? 2008 च्या सप्टेंबरात पेणच्या 22 गावांत एसईझेडवर शेतकऱ्यांचा कौल घेतला. लढून मिळवलेला कौल होता, त्याला माझा सलाम. शेतमजुराचा कौल कधी घेणार?

राखीव जागा म्हणाल, तर घटनेचं 16वं कलम खाजगी गेटच्या बाहेरच थांबतं. आत चिठ्ठी जाते. आणि आपले रिपब्लिकन पुढारी काय वेगळे? जेवढे गट तेवढ्या चिठ्ठ्या! दोन पोरं चिकटवली की अख्खी वाडी त्यांच्या खिशात.

माझं म्हणणं एवढंच. गेटवर फळा लावा. कुठल्या ठेकेदाराची किती माणसं, कुठल्या वाडीची, हातात पगार किती. ठेकेदारानं पगार बुडवला तर मूळ मालकानं द्यायचा, ही जबाबदारी 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून कागदावर आहे. फळा ते लावणार नाहीत. मग यादी आपण करू, वाडीवाडीत फिरून. येत्या रविवारी मी निघतोय. ज्यांना स्वच्छ अक्षरात लिहिता येतं त्यांनी वही घेऊन यावं. भाषण करणारे नकोत, मी एक पुरे.